डॉन फर्मिन यांनी दुपारी पाडलेली रात्र

पुंता ब्राव्हाच्या माकडांवरच्या संशोधन केंद्रात मी पिंजऱ्यांच्या कामाला लागलो, तेव्हा डॉन फर्मिन बेतान्सेस तिथे व्यवस्थापक होते; 'डॉन' हे आम्ही मानाने लावायचो. त्याआधी ते बंदरावर फेरीबोटी सोडत. माकडांबद्दल त्यांना विशेष माहिती नव्हती. ती वेळेवर जेवतात का, एवढ्यावर मात्र त्यांची बारीक नजर असे. एकच गोष्ट त्यांना सलायची. आमच्या माकडिणी रात्रीच व्यायच्या.

"सकाळी यावं तर पिल्लू छातीला चिकटलेलं," ते म्हणत. "मग आम्ही दिवसभर इथे करतो काय?"

राजधानी सॅन हुआनहून सिनेटर बाई केंद्र पाहायला येणार असं कळलं, तेव्हा डॉन फर्मिननी त्यांना जेवणाआधी बाळंतपण दाखवायचं कबूल करून टाकलं आणि मग डॉक्टर नेरेइदाकडे गेले. ती माकडिणींच्या कळांचाच अभ्यास करायची.

"डॉन फर्मिन, ती फेरीबोट नाहीये," नेरेइदा म्हणाली. "अंधार पडला की गर्भाशय जागं होतं, उजाडलं की कळा ओसरतात. हे वेळापत्रक तिच्या डोक्यात असतं."

"मग तिच्या डोक्यातलं बदला."

"त्यासाठी दुपारी रात्र करावी लागेल."

ती वैतागून बोलली होती. दुसऱ्या दिवशी ते काळ्या कापडाचे तागे घेऊन हजर झाले. खरं तर हाच प्रयोग तिने दोन वर्षं मागितला होता आणि विजेच्या बिलाचं कारण सांगून त्यांनीच तो अडवला होता. नेरेइदा लगेच खिडक्या झाकायला लागली.

दिवस भरत आलेल्या त्रिगेन्या नावाच्या माकडिणीला त्या खोलीत ठेवलं. रात्री लख्ख दिवे, दिवसा अंधार आणि कोपऱ्यात मिणमिणता तांबडा बल्ब. काही आठवड्यांत यंत्राच्या आलेखावर दिसणाऱ्या तिच्या बारीक कळा सरकत सरकत दुपारवर आल्या. कुणी आवाज करू नये म्हणून डॉन फर्मिन स्वतः रोज त्या अंधारात खुर्ची टाकून बसत. त्याचा परिणाम त्यांच्या घरी दिसायला लागला.

"अहो डॉक्टर, हे रात्रभर अंगण झाडतात," त्यांची बायको ओल्गा नेरेइदाकडे तक्रार घेऊन आली. "शेजारी विचारतात, तुमच्या ह्यांना झालंय काय?"

पाहुण्यांच्या दिवशी त्रिगेन्याला खरोखरच वेळेवर कळा सुरू झाल्या. सिनेटर बाई आल्या, त्यांची माणसं आली, फोटोग्राफर आला, आणि डॉन फर्मिननीच बोलावलेले गावातले डफवालेही आले. दार उघडलं, डफ घुमला, कॅमेऱ्याचा उजेड पडला. त्रिगेन्याने गज घट्ट धरले. अंगावरचे केस ताठ उभे. आलेखावरची रेघ सपाट झाली.

"बंद पडलं का हे?" सिनेटर बाईंनी विचारलं.

"घाबरली ती," नेरेइदा म्हणाली. "भीतीने रक्तात ॲड्रेनलिन आलं की कळा थांबतात. शत्रू समोर असताना कोण बाळंत होईल?"

"शत्रू कोण?"

"फोटोग्राफर," डॉन फर्मिन घाईघाईने म्हणाले.

सगळे तुरीचा भात आणि भाजलेलं डुक्कर खायला गेले. डॉन फर्मिन गेले नाहीत. दार लावता लावता मी ऐकलं, ते तिला सांगत होते, "होऊ दे पोरी तुझं सावकाश. घाई नाही." त्यांच्या तोंडून असलं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

जेवून परतलो, तेव्हा नेरेइदाने दारातच ओठांवर बोट ठेवलं. आत त्रिगेन्या ओलं पिल्लू चाटत होती आणि समोर खुर्चीत डॉन फर्मिन तोंड उघडं टाकून घोरत होते. त्यांच्या शरीराच्या हिशेबाने ती मध्यरात्र होती.

"हे कोण घोरतंय?" सिनेटर बाईंनी कुजबुजत विचारलं.

"आमचे व्यवस्थापक," नेरेइदा म्हणाली. "त्यांच्याच देखरेखीखाली झालं सगळं."

फोटो काही काढता आला नाही. वर्तमानपत्रात छापून आला तो सिनेटर बाईंचा, हातात डुकराची तंगडी धरलेला.

संध्याकाळी ओल्गा त्यांना न्यायला आली. दोन हात अंतरावर असूनही काही दिसलं नाही, म्हणून ते हळहळत होते.

"आपल्या इवेटच्या जन्माच्या वेळी तुम्ही दर थोड्या वेळाने नर्सला घड्याळ दाखवत होतात," ती म्हणाली. "डॉक्टरांनी तुम्हाला बंदरावर पिटाळलं, तेव्हा कुठे पोर बाहेर आली."

आम्ही हसलो. डॉन फर्मिन हसले नाहीत. नंतर त्या खोलीत पाहुणे न्यायचं त्यांनी बंद केलं. खिडक्यांवरचं कापड मात्र नेरेइदाने काढू दिलं नाही; तिला पुढचे प्रयोग करायचे होते. त्रिगेन्याला बाहेरच्या पिंजऱ्यात हलवलं आणि ती लवकरच पुन्हा रात्री झोपायला लागली. डॉन फर्मिन मात्र बरेच दिवस दुपारच्या बैठकीत बोलता बोलता पेंगत.