मागच्या चाकाचा आठ

माझ्या सायकलचं पुढचं चाक कधीच बिघडलं नाही. बिघडायचं ते मागचं, कारण वजन सगळं त्याच्यावर यायचं. मी लहानपणापासून अंगाने भरलेला. मास्तरकी लागली तेव्हा माझ्या सदऱ्याला इतरांच्या दीडपट कापड लागत असे. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. शाळा घरापासून दोन कोसांवर होती आणि मधे रस्ता म्हणावा असा रस्ता नव्हता. होती ती गाडवाट. बैलगाड्यांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या आणि त्यांच्या मधोमध गोटे. दर महिन्या-दोन महिन्यांनी मागच्या चाकाच्या तारा तुटत, रिम डुलायला लागे आणि शेवटी एक दिवस चाकाचा आठ होऊन मी सायकल हातात धरून शाळेत पोचत असे.

सल्ल्यांना तोटा नव्हता. एकाने हवा कमी भरा म्हणून सांगितलं, दुसऱ्याने टम्म भरा म्हणून. तिसऱ्याने जेवणच कमी करायला सांगितलं. बारक्या माणसाचं चाक मोडलं की लोक रस्त्याला शिव्या देतात. माझं मोडलं की माझ्या पोटाकडे बघतात. हा कुठला न्याय? इतकी वर्षं झाली, पण आठवलं की अजून डोकं तापतं.

तरी माझ्यापुरतं असतं तर मी पायी गेलो असतो. खरी अडचण बायकोची होती. तिचं माहेर देऊळघाट, आमच्या गावापासून चार कोस. तिथे तिच्या आईला लकवा झालेला. वाचा गेली होती, एक हात तेवढा हलायचा. लेक आली की त्या हाताने म्हातारी तिचं तोंड चाचपायची. पण जायचं कसं? पायी गेलं तर दिवस जाण्यायेण्यातच जायचा. कापसाच्या दिवसांत कोणाची बैलगाडी रिकामी सापडेना. एस.टी.ने जायचं तर आधी चिखली गाठायची, मग बुलढाणा, म्हणजे त्या दिवशी परत येणं नाही. आणि घरी माझे वडील अंथरुणाला खिळलेले, तिला मुक्काम करता येत नसे. गावातली इतर माणसं बायकोला कॅरिअरवर बसवून बिनधास्त जायची. माझं चाक मला एकट्याला पेलत नव्हतं, तिथे तिला कुठे बसवणार?

एकदा भाकऱ्या थापता थापता ती म्हणाली, "एकदा चाक पक्कं करून घ्या ना. सकाळी जाऊ, दिवस बुडायच्या आत येऊ."

तिने माझ्याकडे फारसं काही मागितलेलं नव्हतं. पुढच्याच बाजाराला मी सायकल एस.टी.च्या टपावर टाकून चिखली गाठली.

तिथला सायकलवाला म्हातारा होता. चाक फिरवायचा आणि बोटाने एकेक तार छेडून कान देऊन ऐकायचा. माझ्याकडे न बघताच त्याने निकाल दिला की ही रिम आता भंगारात. मग दोन चाकं दाखवली. एक नेहमीच्या रिमचं, चाळीस तारांचं, पण तारा जरा जाड. दुसरं दुधवाल्यांचं. दोन्ही अंगांनी कॅन लटकवून दहा-दहा मैल जाणाऱ्यांसाठी मुद्दाम बांधलेलं, जाड रिम आणि बोटभर वाटाव्यात अशा तारा. तीन मणाच्या आत वजन असेल तर पहिलं पुरेल, वर असेल तर दुसरंच घ्या, असं त्याचं म्हणणं. दुसरं बघून माझं मन धजेना. चालवायला जड ते वेगळंच, पण शाळेतली पोरं मला दुधवाला म्हटल्याशिवाय राहिली नसती.

वजन विचारलं तेव्हा मी अडीच मण सांगितलं. म्हाताऱ्याने मला खालून वर पाहिलं. "अंदाजानं चाक नाही बांधत मी, गुरुजी. समोर काटा हाये, तोलून या."

समोर अडत्याच्या दुकानात ज्वारीची पोती तोलणं चाललं होतं. मी बाजारच्या दिवशी, भर दुपारी, चिखलीच्या चौकात पारड्यात मांडी घालून बसलो. हमाल हातातली पोती टाकून बघायला आले. किलोची नवी वजनं आली होती, पण मापारी हिशेब अजून मणातच करायचा. त्याने वजनं चढवली, काटा थांबला आणि पोतं तोलताना म्हणतात तसं ठसक्यात म्हटलं, तीन मण दोन शेर, कडता तीन शेर, बाकी दोन मण एकोणचाळीस. पोत्यामागे तीन शेर कापायची त्याला सवय. माझ्यातूनही कापले.

या कडत्यापायी माझ्या वडिलांनी उभ्या हयातीत अडत्यांशी भांडणं केली. माल आमचा, काटा त्यांचा आणि वर तीन शेर फुकट. त्यांचा मुलगा मात्र त्या दिवशी पारड्यातून खूश होऊन उतरला. तीन मणाच्या आत होतो ना!

सायकलवाल्याने आकडा ऐकून मान हलवली आणि विचारलं, "एकटेच बसता ना? डबलसीट त नाही?"

दुकानात चौघे चहा पीत बसले होते. आताच ते मला पारड्यात बघून पोट धरून हसलेले. त्यांच्यासमोर बायकोला मागे बसवतो म्हणायची मला लाज वाटली.

"एकटाच," मी म्हणालो.

त्याने पहिलं चाक बसवलं.

रविवारी ती उजाडायच्या आत तयार होती, पण वडिलांचं सगळं आटपून निघायला अकरा वाजले. कॅरिअरवर वाकळेची घडी, मांडीवर शिऱ्याचा डबा, आईला चावता येत नव्हतं म्हणून. दोन कोस झकास गेलो. तिसऱ्या कोसाला नाल्याच्या उतारावर चाक चाकोरीत उतरलं आणि मागे टणटण तीन तारा गेल्या. ती उडी मारून उतरली, डबा वाचला. चाकाचा आठ झाला होता.

मी तिथेच उभा राहून सायकलवाल्याच्या, मापाऱ्याच्या, वाटेच्या नावाने बोटं मोडली. एवढं वजन तोलून बांधलेलं चाक, म्हणालो, आणि आठ दिवस टिकत नाही.

"कोनाचं वजन?" तिने विचारलं.

"माझं."

"अन् माहं?"

मी वाकून तुटलेल्या तारा गोळा करायला लागलो. तिने डब्याची फडक्याची गाठ आवळली. "मले तुम्ही धरलंच नाही," एवढं म्हणून ती नाल्यात उतरली. मी सायकल खांद्यावर घेऊन मागे. ती झपझप चालत होती, मला गाठता येईना. पोचलो तेव्हा दुपार कलली होती. शिरा भरवून होईतो निघायची वेळ झाली. म्हातारीने तिचा पदर धरून ठेवला होता, तो तिने एकेक बोट उलगडून सोडवला. परतीचे चार कोस आम्ही पायीच आलो. सगळी वाट ती माझ्या पुढे चालली.

पुढच्या बाजारी मी त्याच चौघांसमोर सायकलवाल्याला सांगितलं, दोघं बसतो. त्याने दुधवाल्याचं चाक काढून बसवलं. मग दर रविवारी मी तिला चल म्हणायचो. ती म्हणायची, गाडी मिळाली की जाईन. आई जाईपर्यंत ती गाडीचीच वाट बघत राहिली, नाही तर पायी गेली.

त्या चाकाची एकही तार कधी तुटली नाही. तुटणार कशी? त्याच्यावर आम्ही दोघं कधी बसलोच नाही.