शिकारीच्या सहलीतला दुसरा माणूस

१९९६ च्या ऑगस्टमध्ये मी बहरीनची राजधानी मनामा इथल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात नोकरीला होतो आणि एका वृद्ध बहरीनी व्यापाऱ्याच्या कॅनडातल्या शिकारीच्या सहलीतून त्यांच्या ड्रायव्हरचं नाव मी काढायला लावलं. शिकार एल्कची होती. एल्क म्हणजे सांबरापेक्षा मोठं हरीण. तेवढ्याच पैशांत एकट्या माणसाला जंगलात चार दिवस जास्त मिळतात आणि वाटाड्या तिथलाच असतो, हे मी व्यापाऱ्यांना पटवून दिलं. ऑफिसभर त्यांच्या उदाच्या अत्तराचा वास होता. रत्नागिरीकडचा तो ड्रायव्हर वीस वर्षं त्यांच्याबरोबर वाळवंटात शिकारीला जात होता. दाराशी उभा राहून तो मला मराठीत म्हणाला, "भाऊ, मी बरोबर असलेला बरा." "कशाला? बर्फात जीप हाकायला?" मी हसलो. व्यापारी "खलास", म्हणजे ठरलं, असं म्हणाले आणि त्यांनी सही केली. ऑक्टोबरात ते रिकाम्या हाताने परतले. काही दिवसांनी ड्रायव्हर मनामाच्याच गुदैबिया भागातल्या खानावळीत भेटला. "अरबाबना लांबचं दिसत नाही, भाऊ," मालकांबद्दल तो म्हणाला. "जनावर कुठं उभं आहे ते मी हळूच सांगायचो, मग ते नेम धरायचे. परत आल्यावर त्यांनीच सांगितलं, तिथं वाटाड्या बोट दाखवायचा आणि हे नुसती मान हलवायचे." "मग तेव्हाच का नाही बोललास?" "घरच्यांनाही माहीत नव्हतं. आता डॉक्टरांनीच घरच्यांना सांगितलं म्हणून बोलतोय. तेव्हा तुम्हाला कसं सांगणार?" त्या हिवाळ्यात व्यापाऱ्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. नजर परत आली नाही, आणि ते पुन्हा शिकारीला गेले नाहीत.