सरांचा घायपात

आष्टीच्या एसटीत माज्या शेजारी एक सर बसलते. मांडीवर घायपाताच्या सुट्या धाग्यांची जुडी, झोपलेल्या लेकरावानी धरलेली.

"सर, हे कावून?"

"याचा कडकपणा मोजायचाय, नॅनो पातळीवर. डोळ्याला दिसत नाही इतकी बारीक सुई टोचून. मग प्लास्टिकात मिसळून परत मोजायचा. फक्त पीळ पडायला नको, सहा महिने वाया जातील."

नाकातून बोलायचे. मी अजून नक्कल करतो.

कड्याच्या स्टँडवर सर पाणी प्यायला उतरले, मला म्हणाले, लक्ष ठेव. मी ठेवलं. पलीकडच्या मावशीनं जुडी उचलून मांडीवर सटासट वळली, ते बी लक्ष देऊन बघितलं. लई सुबक दावं झालं.

"सुटं सांडत व्हतं, वळून दिलं," मावशी सरांना म्हणली.

सर पांढरेफटक पडले. दावं दोनदा ओढून बघितलं. मग हळूच वही काढली.

"मावशी, वळताना मांडीवर जोर किती लावला?"

"माजी मांडी मोजायची न्हाई हां."