थर्माकोलचा गोठा आणि आईची नाचणी

नाही म्हणजे नाही, रॉकी. गेल्या वर्षी पैसे दिले ते दिले. उंदरांनी थर्माकोल कुरतडला तर मी काय करू? उंदरांकडून वसूल कर. आणि "तू बाहेर राहतोस, तुला इथलं काय कळतंय" हे तर मला ऐकवूच नकोस. बाहेर राहतो म्हणूनच सगळं इथे लिहितोय. लोकांनाही कळू दे.

रॉकी माझा चुलतभाऊ. गाव कोर्लई, रेवदंड्याचा पूल ओलांडून पुढे. मी कोचीच्या गोदीत क्रेनला हूक लावतो. गेल्या डिसेंबरात सुट्टी मिळाली ती नेमकी नाताळच्या आधीची, नाताळला परत ड्युटी. म्हटलं चालेल, नोव्हेना तरी मिळेल. नाताळाआधी नऊ दिवस चर्चमध्ये रोज प्रार्थना असते, तीच नोव्हेना. तुम्हाला आमचा सण बघायचा असेल तर याच दिवसांत या. पंचवीस तारखेला आलात तर तुम्हाला फक्त दुसऱ्या पर्यटकांच्या गाड्या दिसतील.

पनवेलला उतरलो, अलिबागची एसटी पकडली. वडखळला गाडी हलेचना. कंडक्टर म्हणाला, "उतरा, वडापाव खावा. गाडी कुठं जात न्हाय." खाल्ला. पाव मोठा, आत बटाटा शोधावा लागला. अलिबागला मुरूडची गाडी बदलायची, ती गावात सोडते. पनवेलपासून खाऊनपिऊन अडीचशेत भागतं. सुट्टे पैसे ठेवा, नाहीतर कंडक्टरचं भाषण ऐकावं लागतं.

घरी पोचलो तर आई कोपऱ्यात टोपली उचलून खाली वाकलेली. गोडेतेलाचे डबे आडवे कापून त्यात माती, मातीत नाचणी. नोव्हेना सुरू झाली की पेरायची, सुरुवातीला झाकून ठेवायची, मग उन्हात काढायची. नऊ दिवसांत बोटभर हिरवं गवत येतं. आमच्या आळीच्या क्रुसाजवळ येशूजन्माचा गोठा करतात, त्यात हे गवत लावायचं, आणि नाताळच्या रात्री बाळ येशूला त्यावर ठेवायचं. माझ्या जन्माआधीपासून ते गवत आईच्या हातचं. रोज चर्चमधून आली की प्रत्येक डब्याला एक 'नमो मरिये'ची प्रार्थना आणि ओंजळभर पाणी.

मी हात पुढे केला तर म्हणाली, "हात धुतलेस? एसटीतून आलायस."

ते दिवस चांगले गेले, खोटं कशाला बोलू. चर्चमध्ये जांभळं कापड, वेदीजवळ चार मेणबत्त्या, त्यातली एक गुलाबी. फुलं नाहीत, थाट नाही, सगळं वाट बघण्यासाठी. घराघरांत बायका नेवऱ्या, म्हणजे आमच्या करंज्या, करायला बसलेल्या. तळताना एखादी फुटली की सगळ्याजणी जिने ती भरली तिच्या सासूला नावं ठेवतात.

निघायच्या आदल्या दिवशी क्रुसाजवळ गेलो आणि डोकं फिरलं. पेंढा नाही, बांबू नाही. थर्माकोलचा रेडीमेड गोठा, खाली प्लास्टिकची हिरवी सतरंजी, लाइटिंग. वर फ्लेक्स, 'सौजन्य' म्हणून माझं नाव, येशूच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत.

"अरे, हे काय?"

"तूच म्हणालास ना, झकास करा," रॉकी म्हणाला. "पंधरा हजार पाठवलेस, केलं झकास."

"आणि आईची नाचणी?"

"ओल्या मातीने लाइटिंग शॉर्ट झालं म्हणजे? काकीला सांग आता आराम कर. किती वर्षं राबणार?"

मी सतरंजी उचलायला वाकलो. आईने मागून शर्ट धरला. "क्रुसासमोर तमाशा नको. पोरांनी हौसेने केलंय. तुझं नावपण लावलंय."

घरी येऊन तिने डब्यांना पाणी घातलं. एकही 'नमो मरिये' चुकवली नाही. मी दुसऱ्या दिवशी निघालो.

नाताळला कोचीहून फोन केला. "गवताचं काय झालं?"

"शेजारच्या बकरीचा नाताळ झाला," म्हणाली आणि हसली. लगेच विचारलं, "जेवलास का?" मला फोन भिंतीवर आपटावासा वाटला.

वर्ष झालं, राग तसाच आहे. इथे खोलीत पावसाळ्यात भिंती ओल्या झाल्या की त्या टोपलीखालचा वास आठवतो आणि परत चिडतो. माझ्या नावाचा फ्लेक्स नको, लाइटिंग नको. बाळाखाली आईचं गवत पाहिजे, बस.

येत्या रविवारी नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू होतोय. पैसे पाठवतोय, रॉकी, पण तुला नाही, आईला. पेंढा आपल्या शेतात आहे, बांबू तुझ्या परसात आहे. राहिली नाचणी, ती रेवदंड्याच्या बाजारात मिळते. एक किलो पुरते.

साठ रुपये.