फिरता आयपी आणि आप्पांचा फोन

रांजणगावच्या कारखान्यात मी सर्व्हर रूममध्ये काम करते असं सांगितलं की शिरूरमधल्या माझ्या नातेवाइकांना वाटतं, ही एसीत बसून फुकटचा पगार खाते. एसी आहे हे खरं. पण तो माझ्यासाठी नाही, दोन सर्व्हर मशीनसाठी आहे. माझ्यासाठी एक स्वेटर आहे, तोही मीच आणलेला.

एक मशीन चालू, दुसरं तयारीत. गेटपासपासून वजनकाट्यापर्यंत कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर नेटवर्कवरच्या एकाच नंबरला जोडतात आणि तो नंबर दोन्हींपैकी कुणाच्याच मालकीचा नाही. जे जिवंत असेल त्याच्याकडे तो असतो. पहिलं पडलं की दुसरं उचलतं. पुस्तकात त्याला व्हर्च्युअल आयपी म्हणतात, आम्ही फिरता आयपी म्हणतो. मी नवीन होते तेव्हा आप्पांनी मला तो समजावला. आप्पा माझे वरिष्ठ, दौंडचे, पन्नाशी ओलांडलेले. म्हणाले, "दौंडला गाडीचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावत्यात, बघितलंस का? गाडीचा नंबर त्योच ऱ्हातो. आत झोपलेल्याला कळतबी न्हाई." मला तेवढ्यावरून कळलं.

आप्पांच्या जागी उभं राहायलाही एक दुसरं इंजिन होतं, म्हणजे मी. पण मला विचारतो कोण? कारखान्यातल्या झाडून सगळ्यांकडे आप्पांचा मोबाईल नंबर होता. प्रिंटर रुसला, फोन आप्पांना. पंखा बंद पडला, तरी आप्पांनाच. आणि हा माणूस भिडस्त, कुणाला नाही म्हणून सांगायचा नाही.

काकूंच्या, म्हणजे आप्पांच्या पत्नीच्या, पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी लवकर काढायला सांगितलं, दौंडच्या दवाखान्यात दिवस ठरला. काकू उपाशीपोटी कॉटवर बसलेल्या असताना वजनकाट्यावरून आप्पांना फोन गेला. पहिलं मशीन पडलं होतं. दुसऱ्यानं नंबर उचलला होता, बाकी कारखाना सुरळीत चालू होता, काटा तेवढा ठप्प. बाहेर ट्रकची रांग. मी धावत काट्यावर गेले तर काटा सांभाळणारे, सगळ्यांचे मामा, मला कीबोर्डला हात लावू देईनात. "आप्पांना येऊ द्या," एवढंच धरून बसले. आणि आप्पा खरंच आले, दौंडहून मोटरसायकलवर! माझं डोकंच फिरलं. काट्याच्या कॉम्प्युटरमध्ये फिरता नंबर नव्हताच. पहिल्या मशीनचा स्वतःचा नंबर घालून ठेवलेला होता. ते मशीन गेलं की काटा गेला. आप्पांनी ते पुन्हा चालू केलं, तेव्हा कुठं काटा चालला.

तिकडे सही करायला माणूस नाही म्हणून ऑपरेशन पुढं ढकललं गेलं. काकू एकट्या रिक्षानं घरी गेल्या.

मी त्यांना भेटायला दौंडला गेले. मला वाटलं होतं, घरात भांडण पेटलं असेल. काकूंनी चहा ठेवला आणि हसत म्हणाल्या, "भांडू कशाला? त्यो फोन म्हंजी माझी सवत हाय. तिनं हाक मारली की हे निघालेच." मग कपबशी पुसता पुसता थांबल्या. "पर ह्या खेपेला भ्या वाटतंय गं. तवा हात धरायला तरी कुणी असावं." परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडले. आप्पांचा राग आला होता, आणि कीवही.

पुढच्या गुरुवारी कारखान्याला सुट्टी होती. मी आणि आप्पांनी पहिलं मशीन मुद्दाम बंद केलं आणि कारखानाभर फिरून काय काय मेलं ते पाहिलं. डिस्पॅचचा एक प्रिंटर, कँटीनचं कूपन मशीन आणि अर्थातच काटा. सगळीकडे तोच प्रकार. प्रिंटरचा आणि कँटीनचा नंबर मी बदलला. काट्यावर सुट्टीच्या दिवशीही मामा हजर.

"फिरत्या नंबराचा काय भरवसा?" मामा म्हणाले. "शिक्रापुरात खोली घ्यायला गेलं तरी मालक कायमचा पत्ता मागतो. आप्पांनी मला इस्वासानं थेट मशीनचा नंबर दिलाय."

मी आप्पांकडे पाहिलं. ते बारीक आवाजात म्हणाले, "त्यांला बरं वाटावं म्हणून दिलावता." मग त्यांनीच मामांच्या खांद्यावर हात ठेवून नंबर बदलला. मामांनी पहिलं मशीन बंद असताना काटा चालताना पाहिला, दोनदा रिकाम्या काट्यावर स्वतः उभे राहिले, आणि मगच मान हलवली.

ऑपरेशनला नवी तारीख मिळाली. आदल्या दिवशी मी आप्पांपुढे हात केला. "फोन द्या."

"मी बंद ठेवतो की."

"बंद ठेवलात तर मामा दवाखान्यात येतील. माझ्याकडे द्या, वाजेल तो मी उचलीन."

बराच वेळ तो त्यांच्या हातातच राहिला. मग रुमालानं पुसून, चार्जरसकट, त्यांनी तो मला दिला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीतच पहिलं मशीन पुन्हा पडलं. दुसऱ्यानं नंबर उचलला. काटा, प्रिंटर, कँटीन, काहीही थांबलं नाही. पण सर्व्हर रूमच्या दारावरचा लाल दिवा लागला, बातमी फिरली आणि आप्पांचा फोन वाजायला लागला. पहिले अर्थात मामा. "आप्पा, पयलं मशीन पडलंय, पर काटा चालू हाय. तुम्ही अजाबात काळजी करू नगा. तेवढंच सांगाया फोन केला." मग डिस्पॅच, मग कँटीन. काही झालं नाही हे सांगायला सगळ्यांना आप्पाच हवे होते! मी खेकसणार होते, पण प्रत्येक जण शेवटी विचारायचा, "वहिनी कशा हायत?" मग काय खेकसणार?

दुपारी पुन्हा वाजला. स्क्रीनवर अक्षरं होती, 'घर'. काकूंच्या फोनवरून आप्पा. पहिलं का पडलं, दुसरं कसं चाललंय, सगळं मी मनात जुळवून ठेवलं होतं. त्यांनी विचारलंच नाही.

"काढली गं गाठ," ते म्हणाले. "साधीच वाटतीया म्हणत्यात डॉक्टर. शुद्धीवर आलीया." मग हळूच म्हणाले, "हात सोडंना माझा."

माझे डोळे भरून आले. तेवढ्यात पलीकडून एक अगदी बारीक, ओढलेला आवाज आला. "सवत कुठं हाय?"

"माझ्याकडं आहे, काकू. सकाळपासून नुसती बोलतेय."

"ठिवून घे तिला," काकू म्हणाल्या.