वनभैंशाचं माप

आमच्या यायनं आयुष्यात एकदाच खरं जनावर शिवलं, आन् नेमका त्याच्यावरच कोणी विश्वास ठेवला नाही. माझ्यासकट. आता सांगूनच टाकते.

हे म्हणजे अनंतराव. रायपूरच्या गोल बाजारात भांड्यांच्या गल्लीतून आत वळलं का आमचं दुकान. पाटी हिंदीत आहे, 'फॅन्सी ड्रेस किराये पर', आन् खाली बारीक अक्षरात 'पैंट की चेन भी लगती है'. खरं सांगायचं तर घर त्या खालच्या ओळीवरच चाललं. सासरे वर्ध्याकडून रेल्वेत आले, गुढियारीत खोली केली, पोरगा साहेब होईन म्हणून वाट पाहत बसले. पोरानं शिलाई मशीन धरली. गणपतीच्या नाटकासाठी एकदा यायनं वाघाचं कातडं शिवून दिलं, पोट्ट्यायनं टाळ्या वाजवल्या, आन् तिथून जे डोकं फिरलं ते फिरलंच.

आता भाड्यानं गेलेलं जनावर काही सगळंच्या सगळं परत येत नाही. बीरगांवच्या एका शाळेतून अस्वल आलं ते बिनमुंडक्याचं. दुसरा माणूस असता तर भांडला असता. यायनं त्या धडावर कावळ्याचं मुंडकं बसवलं, चोचीसकट, आन् दाराशी टांगून दिलं. गल्लीतल्या पोट्ट्यायनं विचारलं, "अंकल, ये क्या है?"

"भालकावळा. अमरकंटकच्या मागं असते. मधाच्या पोळ्यापाशी बसते, आन् कोणी आलं का मधमाश्यायच्या आधी हेच ओरडते."

असं बोलताना चेहरा कसा, तर तलाठ्याच्या ऑफिसात बसल्यासारखा. कासवाची पाठ फाटली, तर त्याले मोराचा पिसारा लावला. हे मोरकासव, म्हणे पावसात पिसारा उघडून त्याच्याच खाली बसते, छत्री लागत नाही. हत्तीची सोंड हरवली, तर माझ्या स्वेटरची बाही कापली. बाप्पा, तो स्वेटर माझ्या बहिणीनं विणला होता! मी ओरडली तर म्हणाले, "अवं, हा थंडीतला हत्ती आहे. पचमढीले असते असा."

"काहून फेकता?" मी म्हणे. पंचवीस वर्षांत हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असन, त्याचा हिशेब नाही. आमची मंजिरी तर कॉलेजात गेल्यापासून मराठीत उत्तरच देत नाही, ती म्हणे, "पापा, फेंको मत." आन् हे हसायचे. फेकू म्हटलं का यायले कोणी हार घातल्यासारखं वाटे.

पण एका गोष्टीत माणूस पक्का होता. माप घेतल्याशिवाय कात्री लावायची नाही. सिंह शिवायचा होता तेव्हा गल्लीतल्या कुत्र्याले बिस्किट देऊन उभं केलं, टेप लावली आन् सगळं अडीचपट केलं. वर त्या सिंहाले पापण्या लावल्या, लांब-लांब, नाटकातल्या राधेच्या उरल्या होत्या त्या. काहून, तर ज्या पोट्ट्याले घालायचा त्यानं आरशात पाहून भिऊ नये. तो सिंह सगळ्यात जास्त खपायचा.

मंग राज्य वेगळं झालं. रायपूर राजधानी झाली, जिकडंतिकडं रंगरंगोटी, गिट्टी, लाल दिव्याच्या गाड्या. आन् राज्याले आपला पक्षी पाहिजे, आपला प्राणी पाहिजे. पक्षी ठरला पहाडी मैना आन् प्राणी ठरला वनभैंसा, म्हणजे रानातला रेडा. दुसऱ्या वर्षी राज्याच्या वाढदिवसाच्या, एक नोव्हेंबरच्या मिरवणुकीसाठी एका शाळेच्या पद्मिनी मॅडम दुकानात आल्या. चष्मा, फाइल, सगळं कडक.

"अंकल, वनभैंसा चाहिए. बिल्कुल असली. हमारे स्कूल की झांकी में सबसे आगे वही चलेगा."

मी मशीनवर बसून चेन लावत होती. मले वाटलं, आता हे म्हणतीन, पाहिला आहे मी, त्याले पंख असते. पण यायनं डोकं खाजवलं आन् म्हणाले, "मैंने देखा नहीं है, मॅडम. देखना पड़ेगा."

मी चेन सोडून वर पाहिलं. या माणसाच्या तोंडून 'मी पाहिलं नाही' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले.

ऑक्टोबर लागला आन् हे निघाले. पिशवीत टेप, खडू, मापाची वही आन् मी केलेल्या तिखट पुऱ्या. गरियाबंद, मैनपूर, त्याच्या पुढं उदंतीचं जंगल.

"अवो, रेड्याच्या कंबरेले टेप लावणार का तुमी?" मी विचारलं. "श्वास आत घे म्हणणार?"

"पाहू कसं जमते," म्हणाले. मस्करीच कळली नाही यायले.

पाचव्या दिवशी परत आले. गुडघ्यापर्यंत चिखल सुकलेला आन् दाढी वाढलेली. पाणी प्यायले, वही काढली, माझ्यापुढं ठेवली. गिऱ्हाइकाचं लिहितात तसंच लिहिलं होतं. नाव, वनभैंसा. पत्ता, उदंती. लांबी एकशे दहा इंच, ती म्हणे चिखलात तो जिथं लोळला त्या खड्ड्याची. उंची अडुसष्ट, ती सालाच्या झाडाले पाठ घासून चिखल लागला होता तिथपर्यंतची. शिंगांचा पसारा सत्तर इंच, तो म्हणे दोन झाडांवर शिंगं घासल्याच्या खुणांमधला. खुराच्या ठशात यायचा आख्खा पंजा मावला होता, तो पेन्सिलनं काढून आणला.

"जंगलाच्या कडेले एक म्हातारा आहे, त्याच्या घरी राहिलो," हे सांगू लागले. "त्यानं तीन दिवस नुसती जागा दाखवली. जनावर काही दिसे ना. चौथ्या दिवशी सकाळी मी खड्ड्यात उतरून लांबी मोजून राहिलो होतो, आन् वर पाहिलं तर तो उभा. इंदू, पाय पांढरे. गुडघ्यापासून खाली, मोजे घातल्यासारखे. मी टेप धरून तसाच. त्यानं मले वरून खाली पाहिलं, आपण गिऱ्हाइकाले पाहतो ना, तसं. आन् गेला. एवढं मोठं जनावर, पण काडी मोडल्याचा आवाज नाही."

मी म्हटलं, "सत्तर इंच शिंगं? माझ्या दोन्ही हातांत मावणार नाहीत."

"नाही मावत."

"आन् पांढरे मोजे."

"हो."

"काहून फेकता हो?"

मंजिरी आतून ओरडली, "पापा फिर शुरू हो गए!" आमी दोघी हसलो. हे हसले नाहीत. वही उचलली, बंद केली आन् पुऱ्यांचा डबा धुवायले घेतला. त्या दिवशी जेवले नाहीत. मले वाईट वाटलं, पण विश्वास म्हणाल तर नाही ठेवला. रेडा काय मी पाहिला नाही का? आमच्या गावाले घरोघरी होते.

मंग पंधरा दिवस हे वेड्यासारखे शिवत बसले. जुन्या छत्र्यांचं काळं कापड गोळा केलं, आत बांबूच्या कामट्या, शिंगांले वेत वाकवून वर काळं रबर. पायांले स्वतःचे पांढरे पायजमे. दुकानात ते जनावर उभं केलं तेव्हा मले मशीनपाशी जायले जागा उरली नाही. एकेक शिंग हातभर नाही, चांगलं दोन हात लांब. मी रोज त्याच्या पोटाखालून वाकून चहा आणे आन् रोज शिव्या घाले.

पद्मिनी मॅडम आल्या. दारातच थांबल्या.

"अंकल, ये क्या बना दिया?"

"वनभैंसा."

"ये तो कोई राक्षस है. इतने बड़े सींग किसके होते हैं? और पैर सफेद? भैंसे के?" मंग त्यायनं नाकावर चष्मा नीट केला. "मुझे काल्पनिक जानवर नहीं चाहिए. बच्चों को सही चीज़ दिखानी है."

यायनं वही पुढं केली. मॅडमनं ती पाहिली पण नाही. त्यायची नजर गेली सिंहावर. "अब ये देखिए, कितना असली लगता है! ये दे दीजिए. और वो छोटा वाला बैल है ना, उसी को काला कर दीजिए."

पापण्यावाला सिंह. असली! यायनं सिंह बांधून दिला. पोळ्यासाठी शिवलेला तान्हा बैल होता, त्याले काळा रंग मारला, तोही दिला. मॅडम गेल्यावर स्टुलावर बसले आन् म्हणाले, "आजपर्यंत मी काहीबाही शिवत आलो इंदू, कोणी 'का' म्हणून विचारलं नाही. याच्यासाठी मी चिखलात उतरलो होतो."

डोळे भरले होते यायचे.

एक नोव्हेंबरले सकाळी उठून हे म्हणाले, "मी घालून जातो. मिरवणुकीच्या मागं-मागं चालीन. लोकायले दिसू द्या. फक्त मागच्या पायात कोणी पाहिजे."

मंजिरीनं हात जोडले. "मेरे कॉलेज के लोग रहेंगे पापा, मैं नहीं." आन् तोंड धुवायले निघून गेली.

मी भांडी घासत होती. सांगते, मले त्या वनभैंशाचं काही नव्हतं. पण मले त्या बाईचा राग आला होता. माझ्या नवऱ्याले मी फेकू म्हणीन, माझी पोरगी म्हणीन. तू कोण वं? माणूस पाच दिवस रानात राहून येते, तू वही उघडून पाहत नाहीस? मी हात पुसले, पदर खोचला आन् म्हटलं, "चला. मी होते मागचे पाय."

"तू?"

"काहून? माझे पाय चालत नाहीत?"

ते पांढरे पायजमे घालून मी वाकली आन् आत शिरली. माय वो, तो वास! पावसाळाभर ओल्या राहिलेल्या छत्र्यांचा. काळोख. एका हातानं यायचा कमरेचा पट्टा धरला, दुसऱ्या हातानं कामटी. दिसत काय, तर यायच्या टाचा. बस. पाठ अशी दुखे की वाटे, इथंच बसावं आन् भैंशाले खाली लोळवावं.

मालवीय रोडवर आलो तसा गलका सुरू झाला. पोट्टे ओरडत, "राक्षस! राक्षस आया!" कोणी शेपूट ओढलं. म्हणजे मलेच ओढलं, मी आतून अशी शिवी हासडली का ते पोट्टं पळालंच. कोणी म्हणे रावणाची सवारी आहे, कोणी म्हणे छत्रीची जाहिरात आहे. यायच्या टाचा पुढं चालत होत्या, एका चालीनं, जरा हळू. यायनं रानात पाहिली तीच चाल असन, मी मनात म्हटलं.

मंग मिरवणूक थांबली. पुढं बँड वाजत होता, तो विस्कटला आन् बंद पडला. हॉर्न, शिट्ट्या. मी आतून विचारलं, "काय झालं?"

"म्हशी आहेत," हे म्हणाले. "खटालातल्या, दूधवाल्यायच्या गोठ्यातल्या. वीस-पंचवीस. रस्त्याच्या मधात बसल्या आहेत."

रायपूरच्या म्हशी म्हणजे तुमाले सांगते, ट्रकले हलत नाहीत, लाल दिव्याले हलत नाहीत. काठ्यांचा आवाज येत होता, 'हट, हट' चाललं होतं. पद्मिनी मॅडमचा आवाज मी ओळखला, "अरे कोई हटाओ इनको!" यायच्या टाचा वळल्या. कडेकडेनं पुढं निघाल्या. मी पट्टा ओढला, "अवो, कुठं चाललात? मारतीन त्या!" हे थांबले नाहीत. मले फरपटत जावं लागलं. बँडवाल्यांचे बूट गेले, पोट्ट्यायच्या पायातले पांढरे कॅनव्हास गेले, मंग रिकामी सडक आली, आन् शेणाचा वास.

हे उभे राहिले. मीही राहिली.

हॉर्न बंद झाले. काठ्या थांबल्या. एवढ्या मोठ्या सडकेवर माझाच श्वास मले ऐकू येऊ लागला. मंग खुरांचा आवाज आला, एक, दोन, खूप सारे, डांबरावर घासल्यासारखा.

"इंदू," हे अगदी हळू म्हणाले. "उठून राहिल्या."

मी पट्टा घट्ट धरला.

"बाजूले होऊन राहिल्या इंदू. दोन्हीकडं. मुंडी खाली घालून. आपल्याले वाट देऊन राहिल्या."

माझ्या पुढं यायची पाठ, बाजूले छत्रीचं कापड, खाली दोन टाचा. बाकी अंधार. 'काहून फेकता' माझ्या जिभेवर तयार होतं, सवयीनं. ते मी गिळलं.

"हव," मी म्हटलं. "चला मंग."

धरलेला पट्टा माझ्या हातात हलू लागला. म्हणजे हेच गदगदत होते. हसत होते का रडत होते, मले मागून काय कळणार? मंग टाचा उचलल्या आन् आमी चालू लागलो. कोणी आमाले अडवलं नाही.

नंतर लोकायनं काय-काय सांगतलं. कोणी म्हणे खटालवाल्यानं पलीकडून पेंढी दाखवली म्हणून म्हशी उठल्या. कोणी म्हणे पोलिसानं उठवल्या. मॅडमनं दुसऱ्या आठवड्यात चपराशाच्या हाती वही मागवून घेतली, ती काहून, ते त्यायलेच ठाऊक. यायनं मात्र त्या दिवसाबद्दल एक शब्द वाढवून सांगतला नाही. म्हशी उठल्या, वाट दिली, एवढंच.

मंजिरी त्या वेळी समोरच्या फुटपाथवर उभी होती. मैत्रिणींच्या मागं लपून, पण होती. तिनं सगळं डोळ्यानं पाहिलं. घरी येऊन माझ्यापुढं उभी राहिली, तोंड उघडलं, "मम्मी, वो भैंसें ना..."

"पानं घे," मी म्हटलं. "तुझ्या बाबाले भूक लागली असन."

म्हशी खरंच कशा उठल्या, ते तिले आजपर्यंत मी विचारलं नाही.