शेजारचं पाणी

दुपारी गॅलरीत कपडे वाळत घालताना खाली एक नवरा-बायको दिसले. ते मोबाइलमधला फोटो बघायचे, मग मान वर करून आमची इमारत बघायचे. माझ्या दारासमोरचा फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे, तोच बघायला आले असणार. वॉचमनने त्यांच्या हातात किल्ली दिली. बरोबर कोणीच नव्हतं.

मला देसाईकाका आठवले. आमचं पहिलं घर त्यांनी दाखवलं होतं. होते जागांचे एजंट, पण त्यांची रीत निराळी. कुलूप उघडण्याआधी ते शेजारची बेल वाजवून प्यायला पाणी मागायचे. त्या दिवशी शेजारच्या बाईंनी पाणी तर दिलंच, वर "बसा ना घटकाभर" म्हणाल्या. काका हळूच मला म्हणाले, "भिंती काय, नंतर बघता येतील. शेजार बघितलात ना?" त्या बाईंनी पुढे माझी दोन बाळंतपणं निभावली.

हे घर मात्र मी नेटवर शोधलं. म्हटलं, काकांना कशाला त्रास? खरं तर दलाली वाचवायची होती. नंतर ते मंडईत भेटले, तेव्हा रागावले नाहीत. "शेजारी कोण आहे?" एवढंच विचारलं. समोर राहणाऱ्यांचं नाव मला सांगता आलं नाही.

जिन्यात पावलं वाजली. मी दोन पेले पाणी भरून दाराशी उभी राहिले. समोरचं कुलूप उघडलं, थोड्या वेळाने पुन्हा लागलं. पावलं खाली गेली. बेल कोणी वाजवली नाही.

दार मलाही उघडता आलं असतं.